क्रिस्तपुराणातील देववचन आणि आपत्काळातील श्रोता

फादर थॉमस स्टीफन्स याच्या क्रिस्तपुराणाचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. परंतु ते बहुधा दोनच कारणांनी. पहिल्या अवस्वरात कवीने मराठी भाषेची जी स्तुती केली आहे, ती शालेय पाठ्यपुस्तकांपासून संमेलनांच्या व्यासपीठांपर्यंत सर्वत्र पोहोचली आहे. दुसरे कारण कुतूहलाचे. इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात जन्मलेला एक जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास येतो, सासष्टीत सुमारे चाळीस वर्षे राहतो आणि ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचा ग्रंथ रचतो, ही घटनाच अशी आहे की ग्रंथ न उघडताही तिच्याविषयी बोलता येते. परिणाम असा झाला की ज्यांच्यासाठी हा ग्रंथ रचला गेला आणि ज्यांनी तो तीन शतके जतन केला, त्या श्रोत्यांचा विचार मराठी समीक्षेत फारसा झाला नाही. भाषास्तुतीच्या त्या मोजक्या ओव्या म्हणजे ग्रंथाचा उंबरठा होय. अभ्यासक तेथेच थांबले. श्रोता आत गेला.

तो आत का गेला आणि तेथे त्याला काय मिळाले, हा प्रश्न केवळ धर्मेतिहासाचा नाही. क्रिस्तपुराण ज्या समाजाने वाचले त्याच्या वाट्याला स्थलांतर, भाषाबंदी, पाद्र्यांवाचून राहणे आणि प्रत्यक्ष बंदिवास या आपत्ती एकामागून एक आल्या. या काळात ग्रंथाची छापील आवृत्ती निघत नव्हती, तरीही ग्रंथ टिकला. ‘देवाच्या वचनात सामर्थ्य असते म्हणून तो टिकला’, असे श्रद्धावान म्हणेल, आणि त्याच्या दृष्टीने ते पुरेसेही आहे. समीक्षकाला मात्र पुढे विचारावे लागते की, वचनाचे हे सामर्थ्य या काव्याच्या रचनेत नेमके कोठे आहे?

त्याचा माग घेण्यास ‘वचन’ हा शब्दच उपयोगी पडतो. ‘वचन’ म्हणजे बोलणे, आणि ‘वचन’ म्हणजे दिलेला शब्द, पाळावयाची ग्वाही. मराठी ख्रिस्ती माणूस शास्त्रातील वाक्याला ‘वचन’ म्हणतो तेव्हा दोन्ही अर्थ त्याच्या तोंडी एकत्र येतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभीच्या ग्रीक संज्ञेसाठी मराठी बायबलात ‘शब्द’ हे पद योजलेले आहे. तेथेही ‘शब्द देणे’, ‘शब्दाला जागणे’ हे मराठी प्रयोग वाचकाच्या मनात आपोआप उमटतात. देव बोलतो याचा अर्थ देव स्वतःला बांधून घेतो, ही बायबलातील मूळ कल्पना मराठीत विवरणावाचून समजते. स्टीफन्सच्या काव्याची सारी उभारणी या दुसऱ्या अर्थावर आहे.

ग्रंथाचे मूळ पोर्तुगीज शीर्षक या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. तारक येशू ख्रिस्ताच्या जगातील आगमनाविषयीचे विवेचन, असा त्याचा आशय आहे. ‘क्रिस्तपुराण’ हे नाव पुढे रूढ झाले. विषय आहे तो ‘आगमन’. आगमन हा विषय घेतला की प्रतीक्षा ही त्याची पहिली बाजू होते, आणि स्टीफन्सने तिला ग्रंथाचा मोठा भाग दिला. पहिल्या पुराणाचे छत्तीस अवस्वर सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांच्या भविष्यकथनापर्यंत येतात, आणि त्यांत ख्रिस्ताचा जन्म होतच नाही. दुसऱ्या पुराणाचे एकोणसाठ अवस्वर त्याच्या चरित्राला वाहिलेले आहेत. धर्मशिक्षणाच्या सोयीपुरतेच पाहिले तर एवढी दीर्घ पूर्वपीठिका अनाठायी वाटावी. नवख्रिस्ती श्रोत्याला तारकाचे चरित्र लवकर कळावे असाच कोणत्याही प्रचारकाचा हेतू असणार. स्टीफन्सने मात्र त्याला छत्तीस अवस्वर थांबवून धरले. हे थांबवून धरणे हाच पहिल्या पुराणाचा खरा विषय होय.

आदाम-एवेच्या पतनानंतर लगेच तारणाचे पहिले वचन येते. मग नोहाशी करार, अब्राहामाला दिलेला शब्द, मोशे, दाविदाचे कुळ, संदेष्टे. प्रत्येक टप्प्यावर वचन नव्याने दिले जाते आणि प्रत्येक टप्प्यावर परिस्थिती त्या वचनाला खोटे पाडू पाहते. ज्याला असंख्य संततीचे वचन मिळाले त्याला मूल नाही. ज्यांना भूमीचे वचन मिळाले ते मिसर देशात दास होतात. ज्याच्या सिंहासनाला अंत नाही असे सांगितले त्याचे वंशज बाबेलच्या पाडावात जातात. बायबलातील कथाच अशी आहे, त्यात स्टीफन्सची करामत कोणती, असे कोणी म्हणेल. त्याची करामत निवडीत व लयीत आहे. ज्यू इतिहासाचा प्रचंड पसारा तो या एका सूत्रावर आवळतो. वंशावळी, विधिनियम, युद्धे यांची छाटणी करतो. आणि वचन व विलंब यांची आवर्तने ओवीच्या शांत चालीत अशी फिरवतो की, ऐकणाऱ्याला विलंबाची सवय होते. संकट हे वचनभंगाचे चिन्ह नव्हे, ही गोष्ट तो तर्काने पटवीत बसत नाही; ती ऐकता ऐकता अंगवळणी पडते.

ओवी या छंदाची येथे झालेली मदत मोठी आहे. पहिल्या तीन चरणांत यमक साधून चौथ्या चरणाला विसावा देणारी ही रचना कथनाला घाई करू देत नाही. मराठी श्रोता पुराणश्रवणाला सरावलेला होता. कथा पूर्वी माहीत असली तरी ती पुन्हा ऐकावयाची असते आणि ऐकण्याचेच पुण्य असते, ही त्याची धारणा. श्रद्धा श्रवणातून उपजते, हा पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील विचार स्टीफन्ससारख्या धर्मपंडिताला मुखोद्गत असणारच. दोन वेगळ्या परंपरांतील श्रवणाच्या कल्पना क्रिस्तपुराणात एकमेकींना भेटतात. ज्ञानेश्वरीच्या मंगलाचरणाची आठवण करून देणारे नमन, श्रोत्यांना वारंवार घातलेली साद, वैकुंठासारख्या पदांचा निःशंक उपयोग या सर्वांचे वर्णन ‘अनुकरण’ या एका शब्दात करणे म्हणून अपुरे पडते. श्रोत्याच्या कानाची आधीच झालेली घडण कवीने ओळखली होती, आणि नवे वचन त्याच वाटेने आत जाऊ शकते हेही त्याला उमगले होते.

परंतु त्या कानांना पूर्वी जे ऐकू येत होते ते बंद का झाले, हा प्रश्न टाळून क्रिस्तपुराणाविषयी प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. सासष्टीतील देवळांचा विध्वंस १५६७ च्या सुमारास झाला. स्टीफन्स गोव्यास पोहोचण्यापूर्वी बारा वर्षे. इन्क्विझिशनचे न्यायासन १५६० मध्येच गोव्यात स्थापन झाले होते, आणि मधल्या अल्पकालीन खंडाचा अपवाद सोडता ते १८१२ पर्यंत टिकले. १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे रुदोल्फो आक्वाव्हिवा व त्याचे चार जेझुइट सहकारी गावकऱ्यांच्या हातून मारले गेले. त्यांचे देह मिळवून त्यांचा अंत्यविधी करण्याच्या कामात स्टीफन्स स्वतः होता. पुढे कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकऱ्यांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी ठार केले. ज्या भूमीत हे पुराण रचले गेले ती अशी होती. जिला पुढे या ग्रंथाने धीर दिला त्या समाजाची पहिली आपत्ती याच सत्तेने आणली होती आणि ग्रंथकार त्याच सत्तेच्या छत्राखाली वावरत होता, हे विस्मरणात जाऊ देता कामा नये.

विशेष असे की, काव्य हे लपवीत नाही. पहिल्याच अवस्वरात सासष्टीतील एका देवळात पाद्री मुलांना धर्मशिक्षण देत असताना एक ब्राह्मण उठून प्रश्न विचारतो, असा प्रसंग आहे. हा ब्राह्मण नवख्रिस्ती आहे. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा की, आमच्या पूर्वीच्या पुराणांना तुम्ही बंदी केली. मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत तशाच प्रकारचे काही तुम्ही आम्हांला का देत नाही? पाद्री हे मान्य करतो आणि पुराण सुरू होते. हा प्रसंग घडला की कल्पिला, या वादाला वाङ्मयदृष्ट्या फार महत्त्व नाही. महत्त्व याला आहे की, ग्रंथ आपल्या जन्माचे कारण म्हणून एका उणिवेचा उच्चार करतो. श्रोत्याला काही हरवल्याची जाणीव आहे, ती जाणीव रास्त आहे, आणि तिला उत्तर देणे हे सांगणाऱ्याचे कर्तव्य आहे, एवढे कवी गृहीत धरतो. विजेत्यांच्या धर्मवाङ्मयात असा कबुलीचा स्वर क्वचितच ऐकू येतो. तो कबूल करून स्टीफन्सने आपल्या श्रोत्याला, कदाचित स्वतःच्याही नकळत, बाबेलच्या नद्यांकाठी बसलेल्या बंदिवानांच्या पंक्तीला नेऊन बसविले.

पुढे वारंवार मध्येच उठून शंका विचारणारा हा ब्राह्मण कथेच्या ओघाला अडथळा आणतो, अशी तक्रार करता येईल, आणि काही ठिकाणी ती खरीही आहे. तथापि एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्याच्या शंकांमुळे वचन हे एकतर्फी राहत नाही. ऐकणाऱ्याला विचारण्याची मुभा आहे, आणि सांगणारा न रागावता उत्तर देतो. ज्या काळात शंका विचारणे धोक्याचे होऊ शकत होते त्या काळात काव्याने श्रोत्यासाठी राखून ठेवलेली ही जागा लहान म्हणता यावयाची नाही.

दुसऱ्या पुराणातील कानाच्या लग्नाचा प्रसंग त्यातील स्थानिक तपशिलांमुळे प्रसिद्ध आहे आणि त्याची चर्चाही पुष्कळ झाली आहे. आपत्काळाच्या दृष्टीने मात्र तिकडून दृष्टी वळवून दुसऱ्या काही प्रसंगांकडे जावे लागते. अरण्यातील मोहप्रसंग हा त्यांतील एक. मूळ शुभवर्तमानात येशू भुकेला, एकाकी असा अरण्यात आहे. सैतान तीन वेळा त्याला डिवचतो. आणि तिन्ही वेळा येशू स्वतःचे असे काही न बोलता मोशेच्या ग्रंथातील वचनाने उत्तर देतो. सैतानही मध्ये स्तोत्रातील वचनाचा आधार घेतो, हे या प्रसंगातील मर्म होय. वचन दोघांच्याही तोंडी आहे. फरक आहे तो ते कशासाठी उच्चारले जाते यात. चमत्कारासाठी वापरलेले वचन येथे सैतानाच्या बाजूला पडते आणि धीर धरण्यासाठी उच्चारलेले वचन येशूच्या. ज्याने पहिल्या पुराणातील मोशे ऐकला आहे त्या श्रोत्याला तारकाच्या तोंडून तीच वाक्ये पुन्हा ऐकताना जी ओळख पटते, ती थेट चरित्राने आरंभ करणाऱ्या ग्रंथात पटली नसती. छत्तीस अवस्वरांची प्रतीक्षा अशी फळाला येते.

दुसरा प्रसंग क्रूसाचा. देवाचे वचन सर्वांत दुबळे भासते ते येथे; कारण ज्याच्याविषयी सर्व वचने होती तोच मरतो आहे. मराठी काव्यपरंपरेत करुणरसाला, विशेषतः आईच्या शोकाला, जे स्थान आहे त्याचा स्टीफन्सला चांगला परिचय दिसतो. मरियेच्या दुःखात धर्मतत्त्व मागे सरते आणि कोकणातील कोणत्याही आईच्या आक्रोशाची भाषा पुढे येते. सांत्वनाची घाई करणारा कवी येथे पुनरुत्थानाचा दाखला देऊन मोकळा झाला असता. स्टीफन्स शोकाला त्याचा वेळ देतो. आपत्तीत सापडलेल्या माणसाला वचनाने धीर द्यावयाचा तर त्याच्या रडण्याचा अपमान होता कामा नये, हे तारतम्य पुष्कळ धर्मोपदेशकांना साधत नाही. या कवीला ते साधले आहे.

पुनरुत्थानानंतर अम्माऊसच्या वाटेवर दोन निराश शिष्यांना एक अनोळखी वाटसरू भेटतो, ही लूकच्या शुभवर्तमानातील कथा क्रिस्तपुराणाच्या वाचकाने मुद्दाम आठवावी. शिष्य म्हणतात, आम्हांला आशा होती. आता ती राहिली नाही. वाटसरू त्यांना चमत्कार दाखवीत नाही. मोशेपासून आरंभ करून सर्व संदेष्ट्यांपर्यंत शास्त्र समजावून सांगतो, आणि चालता चालता ऐकणाऱ्यांची अंतःकरणे पेट घेतात. क्रिस्तपुराणाची संपूर्ण मांडणी या वाटेवरील संभाषणाचीच विस्तारलेली प्रतिकृती आहे, असे म्हणावयास हरकत नाही. एक सांगणारा, काही हरवलेले श्रोते, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलेली कथा. या साम्याची कवीला जाणीव होती की नव्हती, हे गौण आहे. त्याची रचना त्या दिशेने गेली.

सर्वच ग्रंथ या उंचीवर नाही. मूर्तिपूजेच्या निषेधाचा सूर जेथे चढतो तेथे ओवी कोरडी होते, आणि कवी मागे पडून वादपटू पुढे येतो. धर्मतत्त्वांच्या विवरणाचे काही भाग पद्याची वस्त्रे चढविलेले गद्यच आहेत. असे असूनही एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने नंतर १६२९ ते १६३४ या काळात रचून छापलेल्या पीटर पुराणाशी तुलना केली म्हणजे स्टीफन्सचा संयम ध्यानात येतो. क्रुआची मराठीवरील पकड असामान्य आहे, हिंदू ग्रंथांची त्याची माहितीही अधिक नेमकी आहे. परंतु ती सर्व माहिती त्याने खंडनासाठी राबविली. त्याचा ग्रंथ अभ्यासकांच्या कामाचा ठरला. कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या उतरवून घेतला तो मुख्यतः स्टीफन्सचा. परधर्मावर उगारलेले वचन आणि स्वतःच्या दुःखाशी बोलणारे वचन यांत निवड करण्याची वेळ आली तेव्हा श्रोत्यांनी केलेला हा निवाडा समीक्षेच्या निवाड्याहून कमी मोलाचा नाही.

ग्रंथाच्या उत्तरायुष्याचा इतिहास या निवाड्याला पुष्टी देतो. मराठी अक्षरांचे खिळे पाडून ग्रंथ नागरीत छापावा, अशी स्टीफन्सची इच्छा होती. सहाशेच्या घरातील साचे दोनशेंवर आणता येतील, असे त्याने १६०८ मध्ये रोमला लिहिलेल्या पत्रात कळविले होते. ते घडले नाही. १६१६ मध्ये राशोल येथे पुराण छापले गेले ते रोमन लिपीत. १६१९ मध्ये स्टीफन्स वारला. पुढे १६४९ व १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. १६५४ नंतरची छापील आवृत्ती निघाली ती १९०७ मध्ये. मध्ये २५३ वर्षे गेली.

या अडीचशे वर्षांत काय काय झाले? २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर याने फर्मान काढले की, देशी ख्रिस्ती लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलू लागावे. ज्या सत्तेच्या मुद्रणालयातून मराठी पुराण निघाले होते तिनेच आता त्याच्या भाषेवर हत्यार उचलले. १७४५ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपने विवाहेच्छूंना पोर्तुगीज येणे सक्तीचे केले. या दडपशाहीचे दस्तऐवज कुन्य रिव्हारा याने १८५८ मध्ये कोकणी भाषेवरील आपल्या निबंधात संगृहीत केले, म्हणून तरी ते सर्वांच्या दृष्टीस पडले. अशा काळात मुद्रित पुराणाच्या प्रती नाहीशा होत गेल्या, आणि पुराण हस्तलिखितांत शिरले. गोव्याचे मध्यवर्ती ग्रंथालय, पिळारचा मठ, पर्वरीचे थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र येथे जतन झालेली हस्तलिखिते पाहिली म्हणजे कोणा अनामिक लेखकूने हजारो ओव्या रोमन अक्षरांत एकेक करून उतरविण्यासाठी घेतलेल्या श्रमांची कल्पना येते. एका हाताने लिहावे, एकाने वाचावे आणि अनेकांनी ऐकावे, हीच या वचनाच्या प्रसाराची रीत राहिली. चर्चमधून रविवारी व सणावारी मिसानंतर पुराण वाचण्याचा प्रघात होता. घरोघरीही ते वाचले जात असे.

गोव्यातील जाच, युद्धे व दुष्काळ यांना कंटाळून अनेक ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेस कानडा मुलखात उतरली. त्यांच्याबरोबर पुराणही गेले. तेथे फेब्रुवारी १७८४ मध्ये, भस्मबुधवाराच्या सुमारास, टिपू सुलतानाच्या हुकमाने या समाजाची धरपकड झाली. हजारोंना श्रीरंगपट्टणला चालवीत नेण्यात आले, चर्चे पाडण्यात आली, पाद्र्यांना हद्दपार करण्यात आले. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले तेव्हा, पंधरा वर्षांनंतर, जे वाचले होते ते परतू लागले. परतलेल्यांजवळ गावातील चर्च नव्हते, जमीन नव्हती, कित्येकांचे आप्त नव्हते. या उद्ध्वस्त समाजाने आपली वस्ती पुन्हा उभी केली. आणि शंभरएक वर्षांनी जोसेफ सालढाणा यांनी क्रिस्तपुराणाची आवृत्ती सिद्ध केली ती याच मंगळुरातून, हस्तलिखितांच्या आधाराने. पुण्या-मुंबईच्या मराठी विद्वानांना आपल्या भाषेतला हा ग्रंथ खऱ्या अर्थाने परत मिळाला तो कोकणी बोलणाऱ्या या समाजाकडून. शांताराम बंडेलू यांची नागरी आवृत्ती त्यानंतर १९५६ मध्ये पुण्यात निघाली.

येथे एक भाषिक मुद्दा उपस्थित होतो. मंगळूरच्या ख्रिस्ती घरांत मराठी ही रोजची बोली नव्हती. मध्यम प्रतीच्या लोकांना शुद्ध मराठी समजणार नाही म्हणून आपण त्यात ब्राह्मणांच्या बोलीतील सोपे शब्द मिसळले आहेत, असे स्टीफन्सने स्वतःच सांगितले आहे. तरी पुराणाची भाषा ऐकणाऱ्यांना काहीशी उंचावरची, काहीशी जुनी वाटत असली पाहिजे. सामान्य समजुतीप्रमाणे दुर्बोधता ही सांत्वनाच्या आड यावी. प्रत्यक्षात उलट घडलेले दिसते. बाजारात न वापरलेली, आजोबांच्या तोंडी ऐकलेली भाषा संकटात अधिक विश्वासार्ह वाटते. कारण ती संकटाहून जुनी असते. वारकरी माणसाला ज्ञानेश्वरीतील प्रत्येक शब्द कोठे कळतो? तो तिच्यावर विसंबतो तो तिला अनेकांच्या विसंबण्याचा इतिहास आहे म्हणून. क्रिस्तपुराणालाही असा इतिहास हळूहळू लाभला. १६१६ मध्ये ते एका परकी पाद्र्याचे वचन होते. १७९९ नंतर ते पूर्वजांचे वचन झालेले होते.

लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेतील मार्सडेन संग्रहात याच पुराणाची नागरी लिपीतील हस्तलिखिते आहेत. अमेरिकन मिशनरी जस्टिन अॅबट यांनी १९२० नंतरच्या दशकात त्यांच्याकडे लक्ष वेधले आणि हाच मूळ पाठ असावा असे मत मांडले. या पाठात पोर्तुगीज-लॅटिन संज्ञांच्या जागी संस्कृत शब्द आढळतात. अॅबट यांचे मत सर्वांनी स्वीकारले नाही; कोणी नागरी पाठ नंतरचा, सुधारून घेतलेला मानतो. वाद पाठचिकित्सेचा आहे आणि तो चालू राहील. कारिदाद द्रागो यांची १९९६ ची नागरी आवृत्ती व नेल्सन फालकांव यांचे २००९ चे गद्यानुवादासह संपादन यांमुळे त्याला आता पुरेसे साहित्यही उपलब्ध आहे. तथापि दोहोंपैकी कोणताही पक्ष खरा ठरला तरी एवढे निश्चित की, या ग्रंथाला दोन लिप्या आणि दोन शब्दकळा लाभल्या. पवित्र मानलेल्या ग्रंथाला लोक एरवी हात लावीत नाहीत. येथे शब्द बदलण्याचे धैर्य कोणाला तरी झाले, ते कथेविषयी निर्धास्त असल्याशिवाय होणे नाही.

उत्तर कोकणात याला समांतर असे एक उदाहरण घडले. वसईच्या परिसरातील मराठी बोलीत फ्रान्सिस्कु व्हाझ द गिमारायंश या पाद्र्याने ख्रिस्ताच्या दुःखसहनाविषयी रचलेले पुराण १६५९ मध्ये लिस्बन येथे रोमन लिपीत छापले गेले. काव्य म्हणून त्याला स्टीफन्सच्या शेजारी बसविता येत नाही. त्यात पहिल्या पुराणासारखा प्रतीक्षेचा पट नाही, भाषेला ती खोली नाही, ओवीवरील हुकमतही तशी नाही. १७३९ मध्ये चिमाजी आप्पाने वसई जिंकली आणि तेथील ख्रिस्ती समाजाच्या डोक्यावरचे छत्र एकाएकी गेले. मठ ओस पडले, पाद्री निघून गेले. राज्य स्वकीय भाषेचे, धर्म परका ठरलेला, अशी ही अवस्था गोव्याच्या नेमकी उलट होती. तेथेही उपवासकाळात गाण्यासाठी लोकांनी हेच सामान्य पुराण जवळ ठेवले, आणि १८४५ मध्ये, पहिल्या मुद्रणानंतर १८६ वर्षांनी, ते मुंबईत पुन्हा छापून घेतले. काव्यगुणाच्या तराजूत जो ग्रंथ हलका भरतो तो येथे का पुरला, याचे उत्तर क्रूसाच्या प्रसंगात शोधावे लागेल. कारण तो प्रसंग दोन्ही पुराणांत आहे, आणि दोन्ही ठिकाणी वाचणारा त्या ओळींवर येतो तेव्हा कथेत देवाचा आवाज थांबलेला असतो आणि फक्त आई बोलत असते.